एकूचं थडगं

६ डिसेंबर १९६२

'एक कुठे आहे?' — दिवसभर हाच प्रश्न कानात वाजतोय.

सकाळी कॅप्टन डोलन घरी आला. अमेरिकन. त्याचं काम म्हणे फक्त सल्ला देणं. तो सल्ला देतो आणि आपले शिपाई धावत सुटतात. बरोबर दुभाषा खिएम आणि आमच्या वस्तीचा मुखिया लुक. लुक माझाच विद्यार्थी, कवितेची चौथी ओळ कधी म्हणून पाठ न झालेला. कॅप्टन दारात पुरेसा वाकला, तरी डोकं आपटलंच. हसला. माणूस वाईट वाटला नाही. पुस्तकातून आमची भाषा शिकतोय. आकडे पक्के येतात.

मी नेहमीसारखी हाक मारली — "दोनू, बाक आण रे. तिनी, चहा टाक गं."

आकडे ओळखीचे निघाले म्हणून कॅप्टन खूश. माझ्या मुलाकडे बोट करून म्हणाला, "दोन." मुलीकडे बोट, "तीन." मग स्वतःचा अंगठा वर करून मला विचारलं, "एक?"

एक नाही, म्हटलं.

"मेला?"

नाही.

"बाहेरगावी?"

नाही साहेब, झालाच नाही. हाच थोरला. आमच्याकडे थोरल्यालाच दोनू म्हणतात.

खिएमने त्याच्या भाषेत बरीच लांबण लावली. दुकानाच्या फळ्या एकेक करून लावतात, तसा कॅप्टनचा चेहरा बंद होत गेला. चहा अर्धा टाकून उठला.

७ डिसेंबर

पहिल्याला पहिला म्हणायचं नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पाळण्याभोवती वाईट आत्मे फिरत असतात. घरातलं पहिलं फळ कुठलं, ते त्यांना कळता कामा नये. म्हणून मोजणी दोनापासून. मी स्वतः आईबापांचा सहावा — म्हणून सातू. लुक घरी पाचू. शेजारची आठूमावशी. आत्मे बिचारे घरोघर एकूला शोधतात, सापडत नाही, थकून निघून जातात.

हा मात्र थकणारा दिसत नाही.

९ डिसेंबर

दोनूला नेलं.

बदकं चारून फाटकातून आत येत होता. दोघा शिपायांनी दंड धरले. बदकं खंदकात, बांबूच्या खुंट्यांमध्ये पांगली. तिनीने कमरेएवढ्या चिखलात उतरून गोळा केली. वर आली ती रडत नव्हती, शिव्या देत होती. असल्या शिव्या माझ्या घरात कोणी शिकवल्या?

लुककडे गेलो. त्याने आधी दार लोटून घेतलं.

"मास्तर, नुसती विचारपूस आहे. त्यांना वाटतंय, तुमचा थोरला रानातल्या बंडखोरांना जाऊन मिळालाय. आणि दोनू त्याला भात पोचवतो."

"लुक, तू पाचू. तुझ्या घरी कधी एकू होता का? एवढंच त्यांना सांग."

"हळू बोला हो. ते ऐकलं तर माझ्याही एकूला शोधायला लागतील."

ह्याला मी अक्षरं गिरवायला शिकवली. हात धरून.

१० डिसेंबर

तालुक्याच्या ठाण्यावर गेलो. चिंचेखाली उन्हं कलेपर्यंत बसवलं. शेवटी खिएम बाहेर आला. हा वरच्या प्रांतातला, शहरात शिकलेला. बूट चकचकीत.

"मी सांगितलं हो मास्तर. आईशपथ सांगितलं."

"मग?"

"ते म्हणतात, जगात कुठेही माणसं एकापासून मोजतात. सगळं गाव मिळून एक विसरत असेल, तर तिथे काहीतरी लपवलेलं असतं."

"पुन्हा सांग."

"पुन्हा सांगितलं तर म्हणतील, दुभाषाच फितूर. माझ्या आधीचा दुभाषा आता कुठे असतो, विचारा एकदा." मग बुटावरची माती झटकत म्हणाला, "आमच्या बाजूला थोरल्याला सरळ थोरला म्हणतात. तुम्ही लोक भुतांना फसवायला जाता आणि स्वतःच फसता."

कॅप्टनला भेटू दिलं नाही. तो सल्ला देण्यात गुंतला होता.

१४ डिसेंबर

आता कॅप्टन घरोघर फिरतोय. प्रत्येक उंबऱ्यात अंगठा वर — "एक?" प्रत्येक घरातून तेच उत्तर. अख्ख्या वस्तीत एकही एकू नाही! झालं. लुक सांगत होता, वर राजधानीला, सायगॉनला कळवलं गेलंय — रानातले लोक प्रत्येक घरचा पहिला मुलगा उचलतात, ही त्यांची नवी चाल. त्यावर मोठ्या अधिकाऱ्यांची बैठक बसणार आहे.

आठूमावशीलाही विचारलं, तुझ्या वरचे सात कुठे. ती पान चघळत म्हणाली, "सात नव्हे, सहा. तिघे मातीत, दोघी सासरी, आणि आमचा सातू तुमच्याच फाटकावर बंदूक धरून पेंगतोय. उठवू का?"

खिएमने यातलं किती सांगितलं कोण जाणे. कॅप्टन हसला नाही.

१५ डिसेंबर

दोनूशिवाय बदकं पाण्यात उतरत नाहीत. काठावर नुसती उभी. तिनी ओरडून ओरडून बसली.

१७ डिसेंबर

दिवसभर नारळओढ्यात होतो — मनाने. प्रत्यक्षात जायला बंदी. मागल्या पावसाळ्यात आम्हाला तिथून उठवून इथे आणलं. घरं स्वतःच मोडायची, इथे स्वतःच बांधायची, भोवती खंदक खणायचा, बांबूंना टोकं काढायची, आणि मग त्या टोकांच्या आत राहायचं. कोणापासून वाचायला? तर म्हणे ज्यांनी आमच्याच शाळेत पाढे म्हटले, त्यांच्यापासून.

नारळओढ्याची शाळा म्हणजे चार खांब आणि झावळ्या. भरतीचं पाणी पायरीपर्यंत यायचं. दुपारी मुलं पेंगायला लागली की मी कविता घ्यायचो. एका सुरात सगळी —

ओंडक्याच्या पुलावरती
चांदणे हे चालते,
पाय त्याचे कोरडे परि
पाणी मात्र हालते.

लुक तिसऱ्या ओळीपर्यंत यायचा आणि थांबायचा. तोंड उघडं. मी म्हणायचो, "अरे, पाय कोरडे, मग पुढे काय? खाली बघ, काय दिसतं?" तो खरंच खाली बघायचा, स्वतःच्या पायांकडे. वर्ग हसायचा. दोनू तर सगळ्यात मोठ्याने. मग त्यालाही उभं करायचो. बापाच्या वर्गात मुलाला सूट नाही.

दोनूची आई तिथेच आहे, ओढ्याच्या वळणावर. तिच्या थडग्याशी पिवळ्या फुलांचं झाड लावलंय. आमच्या नववर्षाला, यंदा जानेवारीच्या अखेरीस, बरोबर फुलावं म्हणून आधी पंधरवडाभर त्याची सगळी पानं खुडायची असतात. ते कोण करणार यंदा?

२० डिसेंबर

दोनूला पाहिलं. जाळीपलीकडून. एक डोळा मिटलेला, ओठ दोन जागी फाटलेला. तिनीने दिलेला भात आणि माशाचं कालवण पुढे सरकवलं. त्याला चावता येत नव्हतं.

"बाबा, त्यांना एक नाव सांगून टाका ना. कोणतंही."

"कोणाचं नाव सांगू?"

"तेच तर. ते मला रोज विचारतात, थोरला कुठे आहे. मी म्हणतो, तुमच्यासमोर. मग मारतात."

कॅप्टन मारतो का, विचारलं. नाही म्हणाला. मारणारे आपलेच. कॅप्टन तेव्हा बाहेर जातो.

परतताना होडीत बसून एकसारखं वाटत राहिलं — तो बाहेर का जातो?

२२ डिसेंबर

आठूमावशी आज ओसरीवर पान लावत बसली. एकदम म्हणाली, "मास्तर, एवढे शिकलात. मेला म्हणून का नाही सांगत?"

"कोण?"

"तुमचा एकू. तान्हेपणीच गेला म्हणावं. मेलेल्याला ठाण्यावर कोण बोलावतं? थडगं दाखवा, पोरगा सोडवून आणा."

तिनी आतून ताडकन आली. "मावशी, वर्ष संपत आलंय. नववर्षाच्या तोंडावर नसलेल्याचं थडगं बांधायचं?"

"मग नसलेल्यापायी असलेला जाऊ दे?"

"रिकामं घर आणि रिकामं थडगं, दोन्हींत कोणीतरी राहायला येतंच. आई म्हणायची."

"येऊ दे. भाडं घेऊ."

मी ओरडलो दोघींवर. मग दिवसभर तोच विचार. मी आयुष्यात अधिकाऱ्यांपुढे खोटं बोललो नाही. फ्रेंचांच्या वेळी नाही, नंतरही नाही. खरं सांगून सांगून घसा सुकला, आणि ते कोणालाही नको आहे. खोटं सांगितलं तर मात्र सगळ्यांना पटेल. काय उपयोग मग पोरांना सुविचार लिहायला लावून?

२४ डिसेंबर

केलं.

फाटकाबाहेर, खंदकापलीकडच्या उंचवट्यावर. लुकने परवानगी दिली. 'जुनं थडगं नारळओढ्याहून हलवून आणलं' असं तोच सांगणार. एवढं तरी केलं त्याने. मातीचा ढीग नवा दिसू नये म्हणून आठूमावशीने त्यावर वाळकी पानं, शेवाळ पसरलं, खेकड्यांची भोकंसुद्धा केली काडीने. "माझं लग्न ठरत नव्हतं तेव्हा आईने वयही असंच लपवलं होतं," म्हणाली. तिनी हसली. मुलाला नेल्यापासून घरात कोणी पहिल्यांदा हसलं.

फळीवर नाव काय लिहायचं? बराच वेळ ब्रश हातात तसाच. कधी न लिहिलेलं नाव. शेवटी लिहिलं — एकू. खाली जागा उरली म्हणून कवितेच्या ओळी घातल्या. फळी मोकळी वाईट दिसत होती.

आणि मग काय झालं मला कोण जाणे, डोळे भरून आले. नसलेल्या मुलासाठी. त्याची उंची किती असती, तो चौथ्या ओळीला अडला असता का...

२६ डिसेंबर

काल त्यांचा सण होता, ठाण्यावर गाणी चालली होती. आज कॅप्टन आला. थडग्यापाशी नेलं. लुकने सांगायचं ते सांगितलं, खिएमने ते फिरवून सांगितलं. खिएमला सगळं समजत होतं. चेहऱ्यावरची माशी हलली नाही.

मला वाटलं होतं, तो उकरायला लावेल. त्याने टोपी काढली. एवढा उंच माणूस, मान खाली घालून उभा. फळीवर काय लिहिलंय म्हणाला. खिएमने ओळी सांगितल्या. मग तो आमच्या भाषेत, एकेक शब्द शोधत बोलला —

"माझा एक. कोरिया. मेला." आणि स्वतःच्या छातीवर दोन बोटं ठेवून, "मी दोन."

मी काय करू? मी त्याचा हात हातात घेतला. खोट्या थडग्याशी खऱ्या दुःखाचा हात. लाज वाटली. रागही आला, की हाही माणूसच निघावा! मारणाऱ्यांसारखाच निघाला असता तर सोपं गेलं असतं.

जाताना म्हणाला, हे आधीच सांगायला हवं होतं. आधीच.

२८ डिसेंबर

दोनू घरी.

मला ठाण्यावर आभार मानावे लागले. मोठ्याने. खिएमने ते भाषांतर करून आणखी मोठ्याने मानले.

२९ डिसेंबर

बदकं पाण्यात उतरली.

३ जानेवारी १९६३

उत्तरेकडे मोठी चकमक झाली म्हणतात. रेडिओ म्हणतो, जिंकलो. बाजारातून आलेल्या बायका म्हणतात, हेलिकॉप्टरं चिखलात पडलीत. दोनू ऐकत होता. हल्ली बोलतच नाही. जेवतो, बदकं घेऊन जातो, फाटक लागायच्या आत येतो. मी म्हटलं, कविता म्हणू या का जुनी? म्हणाला, "बाबा, आता नको."

तो आधी असा नव्हता.

५ जानेवारी

वस्तीत थडग्यांची साथ आली आहे!

आमचं बघून सगळ्यांना सुचलं. ज्याच्या त्याच्या घरचा एकू आता तान्हेपणी वारलेला. उंचवट्यावर ओळच उभी राहिली. फळ्यांवर नावं लिहायला सगळे माझ्याकडे. एकू, एकू, एकू. आठूमावशीने तर दोन थडगी केली. म्हटलं, दुसरं कशाला? म्हणाली, "असू दे हाताशी. ह्यांना उद्या शून्यही हवा झाला तर?"

कॅप्टनने सगळी ओळ पाहिली. त्याचे डोळे लाल झाले, लुक सांगत होता. आता वर कळवलंय, की या भागात पहिलं मूल जगतच नाही. मागची बैठक रद्द, नवी बैठक. पुढच्या आठवड्यात डॉक्टर येणार आहे, पाणी तपासायला.

आणखी एक हुकूम — थडग्यांकडे गस्त वळवायची नाही. शिपायांच्या बुटांनी विटंबना होते. त्याने स्वतः चुना आणवून कडेच्या दगडांना लावला.

१० जानेवारी

पानं खुडायचा दिवस. नारळओढ्याला जाण्याची परवानगी मागितली. नाकारली. तिकडे आता दिसेल त्यावर तोफ डागतात. बायकोच्या थडग्याशी जाऊन फक्त पानं खुडायची आहेत, म्हटलं. लुक म्हणाला, "मास्तर, मेलेल्याला भेटायचंच असेल तर इथे ओळ आहे ना." हे त्याने चेष्टेत म्हटलं की काय, कळलं नाही. मी पाठ फिरवून निघून आलो.

खऱ्या थडग्याकडे जायला बंदी. खोट्याला चुना. या वयात माणसाने हे कोणत्या तोंडाने बघावं?

१४ जानेवारी

डॉक्टर येऊन गेला. पाणी चांगलं आहे.

१८ जानेवारी

चुलीचा देव आज स्वर्गात गेला, वर्षभर घरात काय घडलं ते सांगायला. तिनीने त्याच्यापुढे गूळ ठेवला, तोंड गोड राहावं म्हणून. मी मनात म्हटलं, बाबा रे, एकूचं मात्र वर काही सांगू नकोस. तिथेही कोणी मोजणी घेत असेल.

संध्याकाळी फाटकाशी लुक भेटला. मी मान फिरवली. तो माझ्या बाजूने चालत राहिला. उंचवट्याकडे बघत, हळू, जणू स्वतःशीच म्हणाला —

"पाणी मात्र हालते."

मी थांबलो. एवढ्या वर्षांनी! "अरे लुक, आली तुला. आली की चौथी ओळ!"

"आली, मास्तर. उशिरा आली." आणि माझ्या पाया पडला, भर रस्त्यात.

सगळा राग गेला माझा. रात्री जेवताना दोनूला सांगितलं, लुकला चौथी ओळ आली. दोनूने भाताच्या वाडग्यातून मान वर केली. मारून फाटलेल्या त्या ओठांनी कितीतरी दिवसांनी हसला. "ऐकलं मी," म्हणाला.

छान गेला दिवस. कवितेने माणूस परत येतो, हे मी नेहमी म्हणतो.

२० जानेवारी

नववर्षाआधी थडगी साफ करायचा दिवस. खऱ्याकडे जाता येत नाही म्हणून एकूकडे गेलो. गवत उपटताना बोटं खोल गेली. मेणकापड लागलं. त्याखाली लोखंड — लांब, गार, तेल लावलेलं.

वरची माती कुदळीच्या पाठीने थापटलेली, एकदा आडवी, एकदा उभी. दोनूच्या आईची रीत. माझ्या घरात आता एकालाच येते.

मान वर केली. ओळीतल्या प्रत्येक थडग्याची माती ताजी होती.

फाटकावर कॅप्टन उभा होता. टोपी काढून मला हात केला. मीही केला.

मग माती पुन्हा तशीच थापटली, आडवी, उभी. वाळकी पानं पसरली. तीन उदबत्त्या लावल्या आणि म्हटलं — एकू, धाकट्याचं सामान आहे. सांभाळ.